तळ्याआधीचं तळं



मागच्या भागात आपण १६७७ सालात होतो. कोळ्ळिडम नदीच्या काठी, तिरुमळवाडीला, शिवाजी महाराज आणि व्यंकोजीराजे या दोघा भावांच्या भेटीत. तिथून तंजावरला जायचं असं ठरलं होतं. जाऊ या, पण वाटेत थोडा वळसा घेऊन पट्टीश्वरमला उतरू. आज लढाई नाही. आज पाणी, आणि तेही गढूळ पाणी. माझी सगळी नोकरी इंजिनिअर्समध्ये गेली. किल्ला पाहायला गेलो की बाकीचे बुरूज बघतात, मी इथे पाणी कुठून येत असेल ते बघत बसतो. घरातल्यांना याचा कंटाळा आलाय, तुम्ही आज सहन करा.

पट्टीश्वरम हे कुंभकोणमच्या नैऋत्येला सात-आठ किलोमीटरवरचं गाव. शेजारीच पळैयारै, म्हणजे चोळांची जुनी राजधानी. आज तिथे राजवाड्याचं काही उरलेलं नाही, भातशेती आहे. पट्टीश्वरमचं शिवमंदिर मात्र मोठं, आणि त्यातल्या दुर्गेला दूरदूरहून लोक येतात. इथले नंदी देवाच्या अगदी समोर नाहीत, जरा बाजूला सरकलेले आहेत. बालसंत संबंदर उन्हातून चालत येत होता, त्याला दर्शन नीट व्हावं म्हणून देवानेच नंदीला बाजूला व्हायला सांगितलं, अशी कथा आहे. याच देवळात एका माणसाची आणि त्याच्या पत्नीची मूर्ती आहे. तो माणूस म्हणजे गोविंद दीक्षितर, तंजावरच्या नायक राजांचा मंत्री. मूळचा कानडी. अच्युतप्पा आणि रघुनाथ या दोन नायकांचा कारभार त्याने पाहिला. कुंभकोणमच्या महामहम तळ्याभोवती जे सोळा दगडी मंडप आहेत, ते त्याने बांधले असं परंपरा सांगते.

मी तिथे गेलो तो नोव्हेंबर होता. आपल्याकडे दिवाळीला पाऊस परतलेला असतो, तिकडे तेव्हा तो खरा सुरू होतो. ऑक्टोबर ते डिसेंबर, ईशान्य मोसमी वारे. देवळातून बाहेर पडलो आणि असा कोसळला की चहाच्या टपरीत तासभर अडकलो. रस्त्यावरून चहाच्याच रंगाचं पाणी धावत होतं. शेण, माती, गाड्यांचं तेल, कागदी कप, सगळं घेऊन. पाहता पाहता ते रस्त्याच्या कडेच्या एका खोलगट जागेत शिरलं. अर्ध्या एकराची असेल नसेल. पाणकणीस माजलेलं, मधे चार कमळं, एक बगळा. रात्री कुंभकोणमला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम परत गेलो. त्या डबक्याच्या दुसऱ्या टोकाला एक छोटी चर होती, तिच्यातून पाणी हळूहळू भातशेताकडे जात होतं. वाकून पाहिलं. तळाशी पडलेली भाताची काडी दिसत होती.

शहराचं पावसाचं पाणी पाणथळ जागेतून नेऊन स्वच्छ करायचं, या विषयावर आज जगभर परिसंवाद होतात. तो सगळा विषय त्या टपरीसमोर चालू होता.

आता कावेरीच्या खोऱ्यातली एक गोष्ट समजून घ्या. आपण डोंगराळ मुलखातली माणसं. पाणी पडलं की ते कुठेतरी उतरणार, हे आपण धरूनच चालतो. इथे जमीन ताटासारखी सपाट. म्हणून इथल्या शेतकऱ्याकडे दोन वेगळे शब्द आहेत. पाणी आणणारा तो वाय्क्काल, पाणी काढून नेणारा तो वडिकाल. कुठलं पाणी आत घ्यायचं आणि कुठलं बाहेर काढायचं, हे ज्याला कळत नाही त्याचं शेत बुडतं. चोळांच्या काळात हे काम गावच्या मंडळाकडे असे. उत्तरमेरूरच्या देवळातले पहिल्या परांतकाचे लेख, इसवी सन ९१९ आणि ९२१ चे, प्रसिद्ध आहेत ते मडक्यात चिठ्ठ्या टाकून केलेल्या निवडणुकीसाठी. पण त्या चिठ्ठ्या कशासाठी टाकायच्या? निवडायच्या समित्यांपैकी एक होती एरी-वारियम. एरी म्हणजे तलाव. तलाव सांभाळणारी समिती. लोकशाहीचा पुरावा म्हणून आपण तो लेख भाषणात वापरतो आणि तलाव विसरतो.

तर आता तंजावर. बृहदीश्वराच्या देवळाला लागून शिवगंगा किल्ला आहे, आणि त्यात शिवगंगा तळं. खोल, बांधीव. देऊळ पाहून लोक तिथे बागेत फिरायला जातात. या तळ्याच्या पलीकडे एक मोठी उथळ एरी होती, सेवप्पन एरी. सेवप्पा हा तंजावरचा पहिला नायक, सोळाव्या शतकातला. आजूबाजूच्या माळावर पडलेला पाऊस आधी या एरीत यायचा. तिथे तो थांबायचा. गाळ खाली बसायचा. मग वरचं निवळलेलं पाणी जमिनीखालच्या नळातून शिवगंगा तळ्यात, आणि तिथून पुढे शहरातल्या अय्यनकुळमसारख्या तळ्यांत आणि विहिरींत. या जमिनीखालच्या वाटेला तिकडे जलसूत्र म्हणतात. किती नेटका शब्द आहे! अलीकडे अय्यनकुळमची दुरुस्ती झाली तेव्हा ही जुनी वाट पुन्हा उजेडात आली आणि वर्तमानपत्रांतून तिची चर्चा झाली.

१६७६ च्या सुमारास व्यंकोजीराजे तंजावरच्या गादीवर आले आणि १८५५ पर्यंत भोसल्यांचं राज्य तिथे राहिलं. पावणेदोनशे वर्षांहून जास्त. हे तळं, ही एरी मराठ्यांनी बांधली नाही. आयती मिळाली. ती मिळाली म्हणून किल्ल्याच्या आतलं शहर जगलं. आपण तंजावर म्हटलं की सरस्वती महाल ग्रंथालय सांगतो, १८०३ चा तो देवळाच्या भिंतीवरचा लांबलचक मराठी शिलालेख सांगतो, आणि सांगावाच. पण सरफोजीराजांच्या, म्हणजे दुसऱ्या सरफोजींच्या कामांत आणखी एक गोष्ट नोंदली जाते. शहरात तळी आणि विहिरी खोदल्या, आणि सांडपाण्याचा निचरा जमिनीखालून करून दिला. मला हा मुद्दा फार मोठा वाटतो. घराघरांतलं घाण पाणी एका वाटेने, आभाळाचं पाणी दुसऱ्या वाटेने. दोन्ही एकत्र होऊ द्यायची नाहीत. आज आपल्या बहुतेक शहरांत पावसाळी गटार उघडून पाहा. भर उन्हाळ्यात ते वाहत असतं. मे महिन्यात पावसाळी गटार वाहतंय म्हणजे त्यात काय आहे, ते सांगायला नको.

पुण्याच्या श्रोत्यांना हे चित्र ओळखीचं वाटलं असेल. अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून शहरात पाणी आणलं. कात्रजला तलाव एक नाही, दोन आहेत. वरच्या तलावात डोंगरावरचा गाळ बसायचा आणि निवळलेलं पाणी खालच्या तलावात उतरायचं. तिथून जमिनीखालचा दगडी नळ, जागोजागी उच्छ्वास, आणि शेवटी शनिवारवाडा, काळा हौद, बदामी हौद. तंजावरच्या नायकांनी पेशव्यांना शिकवलं असं मी म्हणणार नाही, तसा धागा जोडायला कागद लागतो. पण ज्याला गढूळ पाणी प्यायचं नाही, तो कुठेही असला तरी त्याच उत्तरापाशी येतो. आमच्या फील्ड ट्रेनिंगमध्येही तेच होतं. ओढ्याचं पाणी आधी एका कॅनव्हासच्या टाकीत घ्यायचं, तुरटी घालून स्वस्थ ठेवायचं, मग गाळायचं, मग क्लोरिन. कोणी घाई करून पहिली पायरी गाळली, तर गाळणी तासाभरात तुंबते. माझ्या आजीच्या मांडणीवर निवळीचं बी असायचं, ते ती सहाणेवर उगाळून हंड्यात टाकायची. कुंभकोणमच्या बाजारात तेच बी तेत्तान्कोट्टै म्हणून मिळतं. आणि पहिल्या पावसाच्या पागोळ्यांचं पाणी भरायचं नाही, हे तर तुमच्याही घरी सांगितलं असेल. छपरावरची आणि रस्त्यावरची वर्षभराची धूळ त्या पहिल्या पाण्यात उतरते. शहरातल्या पावसाच्या पाण्यातली सगळ्यात वाईट घाण त्या पहिल्या अर्ध्या तासात येते.

आता जरा वर्ग घेतो. उथळ डबक्यात नेमकं होतं काय?

पहिलं काम थांबण्याचं. बारीक वाळूचा कण स्थिर पाण्यात एक मीटर खाली जायला साधारण दोन मिनिटं घेतो. त्याच्या दहापट बारीक कणाला दोन-तीन तास. आणि शंभरपट बारीक चिकणमातीच्या कणाला दहा-बारा दिवस. म्हणजे पाणी जितकं निवांत, तितकं स्वच्छ. आणि डबकं जितकं उथळ, तितका त्या कणाचा प्रवास छोटा. एरी उथळ होती ती खोदायचा कंटाळा आला म्हणून नव्हे. वर पाणकणीस आणि लव्हाळा पाण्याचा वेग मोडतात, लाटा उठू देत नाहीत, म्हणून बसलेला गाळ पुन्हा ढवळत नाही. आणि शेतातला-रस्त्यावरचा फॉस्फरस, ज्याच्यामुळे तळ्याला हिरवा तवंग येतो, तो बहुतांशी याच मातीच्या कणांना चिकटलेला असतो. माती अडली की तोही अडला.

दुसरं काम जिवाणूंचं. त्या प्रत्येक काडीवर, बोटाला बुळबुळीत लागतो तो थर असतो. तिथे जिवाणू घाण खातात. पाणवनस्पती आपल्या मुळांशी थोडा प्राणवायू सोडतात. तिथे अमोनियाचं नायट्रेट होतं, आणि जरा खाली, जिथे प्राणवायू नाही अशा काळ्या चिखलात, त्या नायट्रेटचा नायट्रोजन वायू होऊन हवेत जातो. तो काळा चिखल पाहून आपण नाकाला रुमाल लावतो. अर्धं काम तोच करत असतो.

हे सगळं शास्त्राच्या भाषेत मांडलं ते जर्मनीत, १९५० च्या दशकात, केटे झायडेल या बाईंनी. लव्हाळ्यासारख्या पाणगवताने घाण पाणी शुद्ध होतं असं त्या प्रयोग करून सांगत होत्या, आणि बरीच वर्षं सांडपाण्याचे इंजिनिअर त्यांना हसत होते. आपल्या नागपूरच्या नीरी संस्थेने फायटोरिड नावाची पद्धत तयार केली, तिचा पाया हाच: खडी, तिच्यात लावलेल्या पाणवनस्पती, आणि खडीच्या आतून सावकाश जाणारं पाणी. कोलकात्याच्या पूर्वेला साडेबारा हजार हेक्टरची पाणथळ आहे. तिथले मच्छीमार शहराचं मैलापाणी उथळ भेड्यांत घेऊन, उन्हात मुरवून त्यावर मासे वाढवतात. ध्रुवज्योती घोष या सरकारी इंजिनिअरने आयुष्य घालवून ती व्यवस्था जगापुढे आणली, आणि २००२ मध्ये तिला रामसर यादीत जागा मिळाली.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत, नाहीतर मी विक्रेता ठरेन. शिसं, जस्त यांसारखे धातू पाणथळीत नाहीसे होत नाहीत. चिखलात जाऊन बसतात. प्लास्टिक तर तसंच राहतं. गवत वेळच्या वेळी कापून बाहेर काढलं नाही तर ते कुजतं आणि घेतलेलं सगळं परत पाण्यात सोडतं. गाळ काढावा लागतो. तमिळ गावांत कुडिमरामत्तु नावाची रीत होती. उन्हाळ्यात गावाने श्रमदान करून तलावाची डागडुजी करायची, आणि निघालेला गाळ शेतात खत म्हणून न्यायचा. आणि पावसाच्या पाण्यासाठी केलेल्या जागेत संबंध शहराचं मैलापाणी ओतलं, तर ती जागा महिन्यात मरते. मग लोक म्हणतात, बघा, या नैसर्गिक पद्धती काही चालत नाहीत.

आता माझी स्वतःची गोष्ट. मी कॅप्टन होतो. छावणीचं नाव सांगत नाही. लाइनीच्या मागे एक पाणथळ होती; डास, साप, पोरं तिकडे जातात, अशी तक्रार आली. काम माझ्याकडे आलं. पाडलेल्या जुन्या बराकींचा राडारोडा जवळच पडला होता. दोन डोझर लावले, पाच आठवड्यांत मैदान सपाट. साहेब खूश. त्यावर व्हॉलीबॉलचं नेट लागलं. माझ्या हाताखाली तंजावर जिल्ह्यातले एक सुभेदारसाहेब होते, कमी बोलणारे. काम संपलं त्या संध्याकाळी ते एवढंच म्हणाले, "साब, पानी अब सीधा आएगा." मला वाटलं, चांगलंच आहे, निचरा सुधारला. पुढच्या पावसाळ्यात खालच्या तलावाला तांबडं पाणी आलं, ते दसऱ्यापर्यंत तांबडंच राहिलं. धोबीघाटाची विहीर गाळाने भरली. दोन वर्षांनी त्या तलावातला गाळ काढायचं काम निघालं, तेव्हा माझी बदली झाली होती. त्या खर्चाची फाइल कोणीतरी सही केली असेल. वर माझं नाव यायला हवं होतं.

मी काही एकटा नव्हतो. शंभर-दीडशे वर्षं सगळा देशच हे काम करत होता. नळाचं पाणी आलं, तळ्याची गरज संपली. हिवतापाची भीती आली, दलदल शत्रू झाली. मद्रासमध्ये १९२० च्या दशकात लाँग टँक आटवून त्यावर त्यागरायनगर वसवलं; त्याच तलावाच्या दुसऱ्या भागावर आज वळ्ळुवर कोट्टम आहे. मुंबईत धोबीतलाव आणि गोवालिया टँक ही नावं उरली. पुण्यात सारसबागेतल्या गणपतीभोवतीचं तळं गेलं, आता हिरवळ आहे. लक्षात घ्या, जिथे दगडी पायऱ्या होत्या, देव होता, ती बरीच तळी वाचली. गेली ती पुढची, उथळ, गवताची, ज्यांना ना पायरी ना देव. महसुली भाषेत एरी पोरंबोक्कु. कोणाच्याच नावावर नसलेली जमीन. बसस्टँडला हीच जागा बरी पडते. सेवप्पन एरीची नोंद आजही आहे, तिच्या पाणलोटात मात्र घरं आहेत.

कायदा काय म्हणतो? १९७१ च्या रामसर करारात माणसाने केलेले तलावही पाणथळ धरले आहेत. आपल्या २०१७ च्या पाणथळ नियमांची व्याख्या मात्र पिण्याच्या पाण्यासाठी आणि सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले तलाव वगळते. भातशेतीही वगळते. म्हणजे हजार वर्षं जे लोकांनी बांधून सांभाळलं, तेच बाहेर. गंमत पाहा, तंजावरजवळचा वडुवूर हा सिंचनाचा तलाव, पण तिथे पक्षी येतात म्हणून तो २०२२ मध्ये रामसर यादीत गेला. तमिळनाडूने २००७ मध्ये तलावांवरची अतिक्रमणं हटवण्यासाठी वेगळा कायदाही केला. पण तो कायदा सरकारी तलावाचा. रस्त्याकडेच्या अर्ध्या एकराचं काय?

कुंभकोणमला पुढचं महामहम २०२८ मध्ये आहे. २०१६ मध्ये झालं तेव्हासारखीच तळ्याची साफसफाई होईल, पायऱ्या धुतल्या जातील, ताजं पाणी भरलं जाईल. बारा वर्षांतून एकदा ते तळं स्वच्छ दिसणार, याबद्दल मला शंका नाही. मी जेव्हा तिथल्या पायऱ्यांवर बसतो, तेव्हा त्या तळ्याकडे पाणी आणणाऱ्या वाटा शोधत बसतो. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला हे करताना पाहिलं आणि मराठीत हाक मारली. त्यांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी आलेलं. कुंभकोणमला हे नवल नाही. बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव इथलेच, १८२८ चा जन्म. गृहस्थांची मराठी जुन्या बखरीसारखी, मधेच तमिळ हेल काढणारी. त्यांनी मला लहानपणी ते कुठल्या कुठल्या डबक्यांत पोहले त्यांची नावं सांगितली. मी वहीत लिहून घेतली. नऊ होती. दुसऱ्या दिवशी रिक्षा करून फिरलो. दोन सापडली.

पट्टीश्वरमच्या वाटेवरच्या त्या डबक्याला मी गेल्या वर्षी पुन्हा गेलो. चार कोपऱ्यांत सिमेंटचे खांब रोवलेले होते, डोक्याला पिवळा रंग. चहावाल्याने मला ओळखलं. पोंगल झाल्यावर भराव पडेल म्हणाला. मालकाचं चुकतंय असंही नाही. कागदावर ती जमीनच आहे, आणि मुलीचं लग्न आहे. शेजारचा तुकडा आधीच भरला होता. पाणी आता कुठे जातं, असं मी विचारलं. त्याने बोलण्याऐवजी टपरीच्या उंबऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे विटांचे दोन थर नवीन रचलेले होते, आणि वरच्या विटेवर सुकलेल्या चिखलाची रेघ होती.

पुढच्या भागात ओरत्तनाडूला जाऊ, सरफोजीराजांनी बांधलेल्या मुक्तांबाळ छत्रात. नमस्कार.